वहिनीची खरवड

दुधाचं पातेलं रिकामं झालं रे झालं की आमच्याकडे कुणीतरी ते नळाखाली धरतं. परवा दुपारी मी ओरडेपर्यंत तळाची बदामी खरवड पाण्यात सुटून तिचा लगदा झाला होता. पिशवीतल्या दुधाची ती खरवड, तिला अशी चव ती काय असणार! तरी चिडलो.

वहिनी म्हणजे माझी थोरली काकी. दिरांची वहिनी, म्हणून आम्हा पुतण्यांची वहिनी, आणि तिच्या पोटच्या दोन मुलांचीही वहिनीच. लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत तिचा सगळा संसार झाला. सासू, चार दीर, जावा, आम्ही पोरं, शिवाय राजापूरकडून 'नोकरी लागेपर्यंत' म्हणून आलेला कुणीतरी, जो नोकरी लागल्यावरही हलत नसे. रात्री पुरुषमाणसं गॅलरीत पथाऱ्या टाकत. अशा घरात हे माझं, ते तुझं असं काही नसतंच. टॉवेलसुद्धा सामाईक.

खरवड तेवढी तिची.

आरेच्या केंद्रावर कार्ड दाखवून आम्ही काचेच्या बाटल्या आणायचो. दूध टोन्ड. म्हशीच्या दुधात पाणी आणि दुधाची पावडर, म्हणजे मुंबईला पुरवठ्याला येतं. साय धरत नाही म्हणून वहिनी त्याला रोज नावं ठेवी, पण मंद स्टोव्हवर ते तळाला धरे मात्र झकास. सगळ्यांची जेवणं उरकली की ती दारात पाय पसरून बसे, पातेलं मांडीवर आडवं घेई आणि शिंपल्यानं खरवडायला लागे. आधी कडा, मग तळ. शिंपला भरला की वर साखरेची चिमूट. आम्ही भोवती आशाळभूत.

"खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो," असं म्हणून ती घास स्वतःच्या तोंडात टाकी. "माझं झालंय लग्न."

(माझं लग्न जूनमध्ये झालं. कणभर खरवड न खाता मांडव गळला.)

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. धाकटे काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दत्ता सामंतांच्या मागे अडीचेक लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. तो संप मिटल्याचं कुणी कधी रीतसर सांगितलंच नाही. आमच्याकडे बाटल्या निम्म्या झाल्या, मोठ्यांचा चहा कोरा झाला. वहिनीच्या पाटल्या केव्हा गेल्या, कुठे गेल्या, कळलं नाही. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या दिसायला लागल्या, एवढंच. त्यावर ती अवाक्षर बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही. खरवड मात्र त्या वर्षीही तिनं कुणाला दिली नाही. आजी एकदा म्हणाली, "अगं, पोरांना दे की." वहिनीनं पाठ वळवली आणि खरवडत राहिली.

तिच्या तेराव्याला गावाकडचे एक वयस्कर नातेवाईक उठून बोलायला लागले. माउली, त्याग, चंदन, सगळं यथासांग झालं. शेवटी गहिवरून म्हणाले, "वहिनींनी स्वतःसाठी म्हणून कधी काही ठेवलं नाही." तिच्या थोरल्यानं मला कोपरानं ढोसलं. आम्हा भावंडांना हसू आवरेना.

"ठेवली होती की, खरवड!" धाकटे काका मोठ्यानं म्हणाले. पाटल्या त्यांच्याच संपात गेलेल्या.