मामाजींच्या कोठ्यातली नाव

आज रामटेकजवळ मामाजींच्या गावी गेलो होतो. त्यांच्या गुरांच्या कोठ्यात तणशीखाली एक लाकडी नाव उपडी पडून आहे. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी लिलावात घेतलेली. सगळं गाव तिला डोंगाच म्हणतं, म्हणजे साधी बिनशिडाची होडी. मामाजींना मात्र पहिल्यापासून शंका. "डोंगा नोहे बाबू हा. डोंग्याच्या पोटात फट कायले असन?"

त्या फटीनंच पत्ता लागला. तळाच्या मधोमध हातभर लांब चीर आहे. तिच्यातून पाण्यात फळी सोडतात, म्हणजे वारा आडवा आला तरी नाव बाजूला वाहवत नाही. म्हणजे ही शिडाचीच! मग टेप लावला. लांबी १३ फूट ३ इंच, रुंदी ५ फूट ३ इंच. नाक टोकदार, म्हणून 'मिरर' जातीची शिडाची नाव नाही, ती पुढून बोथट असते. कूसही गोल नाही. प्लायवूड दोन ठिकाणी कोन करून वर चढलंय, डोळे मिटून हात फिरवला तरी दोन्ही कडा बोटांना लागतात.

शेवटी माळ्यावरच्या पोत्यातून शीड निघालं. उंदरांनी कुरतडलेलं, पण फिकट निळं, आणि त्यावर इंग्रजी 'ई'. एंटरप्राइज! ही शिडाच्या नावेची जात, होड्या आखणाऱ्या जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली. अंगावर काटा आला खरंच. मामाजी कितीतरी वेळ त्या अक्षरावरून हात फिरवत बसले होते.

डोलकाठी मात्र सापडत नाहीये. मामी म्हणते, मांडवाला लागली असेल. उद्या सकाळी आधी मांडव बघतो.