विराटच्या बॉयलर रूमवाल्यांचा मेळावा

६ मार्च, रात्री

२०१७ साली आजच्याच दिवशी सूर्यास्ताला आमच्या विराट या नौदलाच्या विमानवाहू जहाजावरचा झेंडा उतरला, जहाज निवृत्त झालं. मेळाव्याची तारीख हीच धरावी, असं बरेच जण सुचवतात. पण प्रत्येक खात्याचा शेवटचा दिवस वेगळा. सी हॅरिअर या जहाजावरच्या लढाऊ विमानवाल्यांचा निरोप मे २०१६ मध्येच गोव्यात नौदलाच्या हंसा विमानतळावर झाला. आम्हा बॉयलर-इंजिनवाल्यांसाठी २३ जुलै २०१६. त्या दिवशी जहाज स्वतःच्या वाफेवर शेवटचं मुंबईहून कोचीला निघालं. परत आलं ते टगबोटींनी ओढत.

तारखेचा मान ठेवावा, पण मेळावा माणसं येऊ शकतील तेव्हाच घ्यावा. निम्मे लोक रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. जुलैत भाताची लावणी, शिवाय पावसाळ्यातलं कोकण रेल्वेचं वेळापत्रक. मार्चमध्ये शिमगा, पालखी सोडून कोणी येत नाही. १२ मे हा १९८७ साली जहाज आपल्या नौदलात दाखल झाल्याचा दिवस, पण मे महिन्यात तिकीट मिळत नाही आणि घरोघरी लग्नं. राहतो फेब्रुवारी. त्यातही आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्यायची, ती कौल लावून ठरते, कॅलेंडरवर सापडणार नाही. रविवारऐवजी शनिवार घ्यावा. रविवारी मेगाब्लॉक असला की डोंबिवली-पनवेलची मंडळी थेट जेवणालाच पोचतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून तारीख तीन महिने आधी कळायला हवी.

माणसं शोधायची तर व्हॉट्सॲपवर विसंबून चालत नाही. ग्रुपवर असतात ती शेवटच्या काही वर्षांतली पोरं. जहाज आपल्याकडे तीस वर्षं होतं आणि माणसं दोन-तीन वर्षांनी बदलत गेली. पहिल्या तुकडीतले आता साठीच्या पुढचे. ते सापडतात ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आणि लष्करी कॅन्टीनच्या रांगेत. तिथे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मोठ्या अक्षरातला कागद लावायचा. त्यावर जहाज, खातं, साल आणि एकच फोन नंबर.

हॉल तळमजल्यावरचाच घ्यावा. वर्षानुवर्षं उभ्या शिड्या चढून-उतरून गुडघे गेलेत. मुंबईच्या नौदल गोदीच्या आत कार्यक्रम नको, प्रत्येकाच्या पासातच सकाळ जाते. गोदीच्या लायन गेटबाहेर विक्रांत या जुन्या विमानवाहू जहाजाच्या पोलादातून केलेलं स्मारक आहे, तिथे जमून फुलं वाहता येतात. आपल्या जहाजाचं तसं काही राहिलं नाही. सिंधुदुर्गात निवतीजवळ जहाजाचं संग्रहालय करायला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला होता. तो कागदावरच राहिला आणि सप्टेंबर २०२० मध्ये जहाज तोडण्यासाठी गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं. अजून जीव तुटतो.

डीजे अजिबात नको. बॉयलर रूममधल्या ब्लोअरने, म्हणजे भट्टीला हवा देणाऱ्या पंख्याने, आणि डेकवरच्या विमानांनी कान नेलेत. त्यात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत, आणि माणूस नुसती मान डोलावत बसतो. म्हणून छोटी टेबलं, एका टेबलाला सहा जण, भिंतींना पडदे. जेवण बरोबर साडेबाराला, साखरेच्या गोळ्या घेणारे बरेच आहेत.

मेळावा बिघडतो तो व्यासपीठामुळे. हुद्द्याप्रमाणे खुर्च्या, शाल-श्रीफळ, भाषणं यांत दोन तास जातात आणि बॉयलरसमोर शेजारी उभे राहिलेले दोघे हॉलच्या दोन टोकांना. बसवायचं ते वॉच (कामाची पाळी) आणि जागा बघून. पहाटे चार ते आठचे एका टेबलावर, बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपावरचे दुसऱ्यावर. एकाने सांगितलं की दुसरा लगेच म्हणतो, "नाही रे, आधी ड्रेन उघडायचास." ती दुरुस्तीच मोलाची, कारण विराटची ती मशिनरी हाताळलेली माणसं आता वाढणार नाहीत.

"आठवणी सांगा" म्हटलं की भाषण सुरू होतं. विचारायचं असं : वॉच हाती घेताना आधी काय बघायचास? उत्तर हमखास गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच. काचेत पाण्याची रेघ मध्यावर दिसली तर ठीक. पण काच पूर्ण भरली किंवा पूर्ण रिकामी झाली की दोन्ही सारख्याच दिसतात, कारण रेघच नसते. पाणी कमी असेल तर नळ्या जळतात, जास्त असेल तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती तुटतात. उपाय एकमेकांच्या उलट, म्हणून अंदाजाने हात घालायचा नाही. काचेचा ड्रेन (निचऱ्याचा कॉक) उघडून, वाफेचा आणि पाण्याचा कॉक आळीपाळीने बंद करून, पाणी कुठे आहे ते आधी पक्कं करायचं. हे पुस्तकात मिळेल. पण कोणत्या काचेवर उजेड नीट पडत नव्हता, कोणता कॉक जड फिरायचा, ते याच माणसांना ठाऊक.

पुढचा प्रश्न बॉयलर पेटवण्याचा. आधी ब्लोअरने भट्टीतली तेलाची वाफ बाहेर काढायची, नाहीतर मशाल लावताच भडका उडतो. तेल गरम केलेलं हवं, थंड दाट तेलाचा फवारा होत नाही. मग एकच बर्नर लावून सावकाश तापवायचं. घाई केली की भट्टीतल्या विटांना तडे जातात आणि नळ्या असमान ताणतात. धूर काळा असेल तर हवा कमी, पांढरा असेल तर जास्त.

ध्वनिमुद्रण दोघा-दोघांचं, बाजूच्या खोलीत, कॉलरला माइक लावून. टेबलावर ठेवलेल्या फोनमध्ये चमच्यांचा आवाज येतो. टेबलावर खाकी कागद आणि पेन्सिली ठेवाव्यात. तोंडाने सांगता येत नाहीत ती पाइपची वळणं हात बरोबर काढतो. जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करायचे. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

गेलेल्यांची नावं वाचण्याआधी प्रत्येक घरी फोन करून खात्री करायची. जिवंत माणसाचं नाव वाचलं जाण्याइतकी वाईट गोष्ट नाही. त्यांच्या पत्नींना वेगळ्या रांगेत न बसवता नवऱ्याच्या वॉचच्याच टेबलावर जागा द्यावी. शिवाय पेन्शनची कागदपत्रं जाणणारा एक जण दिवसभर एका टेबलावर हवा. अडतं बहुतेक एकाच ठिकाणी, सेवापुस्तकातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत सोबत आणायला आमंत्रणातच लिहावं.

१९९३ साली इंजिन रूममध्ये पाणी शिरून जहाज कित्येक महिने बंद राहिलं होतं. त्या वेळच्या वॉचमधले जितके येतील त्यांना पहिल्याच टेबलावर बसवून सकाळीच ध्वनिमुद्रण करायचं, दुपारी जेवल्यावर थकतात. यादीत आधी त्यांचीच नावं घ्यायची.