जेंटामायसिनच्या आड लपलेला साल्मोनेला मोजताना

साल्मोनेला हा जिवाणू आतड्याच्या पेशीत शिरतो, हे वाक्य मायक्रोबायोलॉजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. दहा लाख सोडले तर त्यातले किती शिरले, असं विचारलं की मात्र बाकावर शांतता पसरते. याचं उत्तर काढायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे जेंटामायसिन प्रोटेक्शन अ‍ॅसे. सगळ्यात फसवीही तीच. तिला कन्फोकल मायक्रोस्कोप लागत नाही की किट लागत नाही. पेशी, इन्क्युबेटर, जेंटामायसिन हे एक जुनं अँटिबायोटिक आणि आगारच्या भरपूर प्लेट्स एवढ्यावर भागतं.

तत्त्व दोन ओळींचं आहे. जेंटामायसिन माणसाच्या पेशीच्या पटलातून सहजी आत जात नाही, त्यामुळे बाहेरचे जिवाणू मरतात आणि आतले वाचतात. मग पेशी फोडायच्या, प्लेटवर पसरायचं, कॉलन्या मोजायच्या. पण आपण मोजतो ते ‘आत शिरलेले’ नसतात. ‘जेंटामायसिनपासून वाचलेले आणि अजून जिवंत असलेले’ असतात. सगळे घोळ या दोहोंमधल्या फटीत होतात आणि प्रत्येक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा पडताळा, ही फट एकेका बाजूने बुजवत असतो.

सुरुवात कल्चरपासून, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंपासून. साल्मोनेला टायफिम्युरियमला आत शिरायला लागणारी सुई, म्हणजे टाइप थ्री सिक्रिशन सिस्टिम, सदासर्वकाळ तयार नसते. रात्रभर वाढून थकलेलं कल्चर थेट पेशींवर टाकलं तर आकडा पडेल लागतो आणि दोष पेशींवर जातो. ओव्हरनाइट कल्चर ताज्या एलबीमध्ये (जिवाणू वाढवायचं पोषक द्रव) साधारण १:३३ पातळ करून ३७ अंशांवर तीन-साडेतीन तास वाढवा, म्हणजे वाढीचा वेग मंदावायच्या बेतात असताना ते हाती येतं. ०.३ मोलर मीठ घातलेला एलबी आणि कमी हवा यांनीही सुई जागी होते. या तिन्हींपैकी काय वापरलं ते वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला तसूभर बदलू नका. धुताना जोरात सेंट्रिफ्यूज किंवा व्होर्टेक्स करू नका, फ्लॅजेला, म्हणजे पोहण्याच्या शेपट्या, तुटतात.

हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी) भारतात बहुतेक जण पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थेच्या पेशीभांडारातून मागवतात. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये आदल्या दिवशी वेलमागे ५० हजार पेशी टाकल्या तर दुसऱ्या दिवशी लाखाच्या आसपास होतात. ‘आसपास’वर थांबू नका, एक जादा वेल ट्रिप्सिनने सोडवून हिमोसायटोमीटरवर मोजा. पेशी टाकतानाच मिडिया (पेशींचं पोषक द्रव) पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नसलेला घ्या. हे विसरणं ही नवशिक्याची पहिली चूक. तिची गंमत अशी की एसएल१३४४ हा साल्मोनेलाचा स्ट्रेन (वाण) मुळातच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही, त्यामुळे चूक अर्धवट झाकली जाते आणि तुलनेचा दुसरा स्ट्रेन विनाकारण ‘कमजोर’ ठरतो.

एमओआय, म्हणजे एका पेशीमागे किती जिवाणू, १० ठेवायचा तर वेलमागे दहा लाख जिवाणू, ५०० मायक्रोलिटर मिडियात. ओडी (कल्चरचा गढूळपणा) १ म्हणजे मिलिलिटरला सुमारे १०० कोटी, हा हिशेब अंदाजापुरता. ओडीला मेलेले जिवाणूही दिसतात आणि प्रत्येक यंत्राचं वाचन वेगळं. म्हणून वेलमध्ये टाकलेल्या त्याच इनॉक्युलमची (जिवाणूंच्या द्रवाची) प्लेट त्याच दिवशी टाकायची. टक्केवारीचा छेद या प्लेटवरून येतो, ओडीवरून नाही.

पेशींची प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जीवर पाच मिनिटं फिरवली तर सगळे जिवाणू एकाच वेळी पेशींवर बसतात. न पोहणाऱ्या म्युटंटसाठी (जीन बिघडवलेल्या जिवाणूसाठी) तर हे आवश्यकच; नाहीतर तो पेशीपर्यंत पोचतच नाही आणि आपण लिहून मोकळे होतो की त्याला शिरता येत नाही. मग ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३० मिनिटं. कोमट पीबीएसने (खारट बफरने) तीनदा धुवा, वेलच्या भिंतीवरून हळू सोडा. थेट मध्ये ओतलं की हेलाचा थर साल सुटल्यासारखा निघतो. पुढे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर जेंटामायसिनचा मिडिया, एक तास.

पेशींत जिवाणूंची वाढ किती होते हे दोन, सहा, सोळा तासांवर पाहायचं असेल, तर पहिल्या तासानंतर जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमवर उतरवा. पेशी सभोवतालचं द्रव घोट घोट गिळत असतात. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) तर जास्तच. बाहेर १०० ठेवून रात्र काढली तर औषध हळूहळू आत जमतं आणि लपलेल्यांनाही गाठतं. अगदी काढून टाकलं तर फुटलेल्या पेशींतून निसटलेले बाहेर माजतात. सकाळी मिडियातला फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) पिवळा दिसला तर तेच झालंय असं समजा.

पेशी फोडायला पीबीएसमध्ये ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट, एक मिलिलिटर, पाच ते दहा मिनिटं. मग पिपेटने दहा वेळा वरखाली करा आणि मायक्रोस्कोपखाली पाहा. अख्ख्या पेशी दिसल्या तर थांबा, कारण न फुटलेल्या पेशीतले तीस जिवाणू प्लेटवर एकच कॉलनी देतात.

डायल्यूशन १०० मायक्रोलिटर अधिक ९००. प्रत्येक पायरीला नवी टिप. जुनीच वापरली तर तिच्या बाहेरच्या भिंतीला चिकटलेले जिवाणू पुढच्या नळीत उतरतात आणि आकडा फुगत जातो. प्लेट्स कमी असतील तर थेंबाची पद्धत घ्या: प्रत्येक डायल्यूशनचे २० मायक्रोलिटरचे थेंब, वाळलेल्या आगारवर. १९३८ साली माइल्स आणि मिश्रा यांनी मांडलेली ही पद्धत आजही झकास चालते, फक्त ओल्या प्लेटवर थेंब एकमेकांत मिसळतात.

हिशेब असा. एक मिलिलिटर लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रव), शंभरपट डायल्यूशन, त्यातले १०० मायक्रोलिटर पसरले, ८६ कॉलन्या आल्या. म्हणजे वेलमध्ये ८६ × १० × १०० = ८६ हजार. इनॉक्युलम १२ लाख निघालं असेल तर ७.२ टक्के. ३० ते ३०० मधली प्लेटच धरा. डायल्यूट न केलेल्या १०० मायक्रोलिटरमध्ये काहीच आलं नाही तर ‘शून्य’ लिहू नका, ‘१० पेक्षा कमी’ लिहा. आणि एकाच प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या कल्चरमधून केले तरच ते तीन. तुलना करताना आकड्यांचा लॉग घ्या.

आता कंट्रोल. वेळ नाही म्हणून सगळ्यात आधी यांनाच कात्री लागते. पेशी नसलेल्या वेलमध्ये तेच जिवाणू, तेच जेंटामायसिन, तितकाच वेळ: इथे कॉलनी येता कामा नये. आली तर स्ट्रेन दाद देत नाही किंवा औषध जुनं आहे. जिवाणू अर्धा तास ट्रायटनमध्ये ठेवून मोजा. आकडा घटला तर डिटर्जंटच मारतोय. शेवटच्या धुण्याचा पीबीएसही एकदा प्लेटवर टाकून पाहा. ‘न शिरणारा’ म्हणून प्रयोगशाळेतला ई. कोलाय के-१२ ठेवा आणि सोबत साल्मोनेलाचाच इनव्ह-ए म्युटंट (शिरण्याचा एक जीन बिघडवलेला). इनव्ह जीन गॅलान आणि कर्टिस यांनी १९८९ मध्ये शोधले, ते असाच पेशींत शिरण्याचा प्रयोग करून.

म्युटंट शिरत नाही एवढ्याने जीन दोषी ठरत नाही. जिवाणूशास्त्रज्ञ स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये कॉखच्या कसोट्या (कोणता जंतू कोणत्या रोगाला कारण हे ठरवणाऱ्या) जीनच्या पातळीवर आणल्या, त्यातली एक हीच की जीन परत दिला तर गुण परत यायला हवा. इथे एक खड्डा हमखास असतो: परत देण्यासाठी निवडलेल्या प्लास्मिडवर (जीन वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यावर) जेंटामायसिनचाच रेझिस्टन्स जीन. पीबीबीआर१एमसीएस-५ हे त्यातलं नेहमीचं. मग बाहेरचे जिवाणू मरतच नाहीत, आकडा वाइल्ड टाइपच्याही (मूळ, न बिघडवलेल्या जिवाणूच्याही) वर जातो आणि लॅबमध्ये पेढे वाटायची तयारी सुरू होते. प्लास्मिडचा नकाशा आधी पाहा.

उलट दिशेची फसगत मॅक्रोफेजमध्ये होते. सुई तयार असलेला साल्मोनेला मॅक्रोफेजला तासाभरात फोडतो, फुटलेल्या पेशीत जेंटामायसिन घुसतं आणि आतले मरतात. प्लेटवर वाटतं जिवाणूच टिकला नाही. खरं तर त्याने पेशीच मारलेली असते. म्हणून मॅक्रोफेजसाठी मुद्दाम ओव्हरनाइट कल्चर घेतात आणि मिडियात सांडलेलं एलडीएच (फुटलेल्या पेशीतून गळणारं एन्झाइम) मोजतात.

तरीही शंका उरली तर एक कव्हरस्लिप रंगवा. जीएफपी या चमकत्या प्रथिनाचे हिरवे जिवाणू घ्या, पेशींना भोकं न पाडता साल्मोनेलाच्या एलपीएसविरुद्धची (त्याच्या बाहेरच्या आवरणाविरुद्धची) अँटिबॉडी लाल रंगात लावा. बाहेरचे हिरवे आणि लाल दोन्ही दिसतील, आतले नुसते हिरवे. शंभर पेशी मोजायला दुपार जाते, पण मेलेले आणि जिवंत, दोन्ही इथे दिसतात.

हे सगळं बीएसएल-२ चं, म्हणजे जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीचं, काम आहे, क्लास टू कॅबिनेटमध्ये. टाकाऊ द्रव १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास, प्लेट्स ऑटोक्लेव्हला १२१ अंशांवर. हायपोक्लोराइटचं द्रावण रोज ताजं करा. कालच्यातला क्लोरीन बराचसा उडून गेलेला असतो.