परमुलखातले दगड

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे पत्र आले, तेव्हा गुरुजनांच्या आणि वर्गमित्रांच्याही आधी मला मैदानाच्या पश्चिमेकडील दगडी भिंत आठवली. यात कृतघ्नता असेल तर ती मान्य करतो. आमची शाळा गाळाच्या सपाट प्रदेशातली. आवारात कूपनलिका खोदली जात होती त्या दिवशी खडक लागण्याची वाट पाहत आम्ही शाळा सुटल्यावरही थांबलो होतो. वर आली ती पिवळी माती, मग राखाडी चिकणमाती, मग वाळू आणि पुन्हा चिकणमाती. गंगेच्या खोऱ्यात असा गाळ काही ठिकाणी हजारो मीटर जाड आहे, हे पुढे वाचले तेव्हा त्या दिवशीची आमची निराशा अटळच होती हे कळले.

अशा ठिकाणी ही भिंत आली कुठून, हा प्रश्न आम्हाला सातवीपर्यंत पडला नव्हता. तो भूगोलाच्या सरांनी विचारला आणि उत्तर न देता आम्हाला भिंतीपाशी नेऊन उभे केले. खालच्या थरात काळा, जड बेसाल्ट होता आणि वर तपकिरी वालुकाश्म. एका काळ्या दगडाच्या कडेला पारव्याच्या शेपटीसारखी पसरट खाच होती. तिच्यात माझे बोट दुसऱ्या पेरापर्यंत जाई. शेजारच्या दगडाशी लोखंडी पट्टीने सांधण्यासाठी अशी खाच पाडतात. परंतु इथे ती भिंतीच्या दर्शनी बाजूस, कशालाही न जोडलेली होती. म्हणजे हा दगड आधी दुसऱ्या एखाद्या इमारतीत बसून आलेला होता. दगड नसलेल्या प्रदेशात तो वाया जात नाही, केवळ जागा बदलतो. बंगालमधील गौड येथे १५२६ साली पूर्ण झालेल्या बडा सोना मशिदीच्या विटांच्या बांधकामाला दगडाचे आवरण आहे, आणि त्या उजाड राजधानीच्या विटा-दगड पुढे इतर शहरांच्या बांधकामांसाठी उचलले गेले. एक फूट लांबी, रुंदी आणि उंचीचा बेसाल्ट सुमारे ८० किलो भरतो. तो दूरवरून आणायचा तर बैलगाडीपेक्षा नदीची वाट सोयीची, हे सरांनी आमच्याकडूनच वदवून घेतले.

मग प्रयोगशाळेतून विरल आम्ल आले. दगडावर थेंब टाकला, काहीच झाले नाही. सांध्यातल्या चुन्यावर टाकला आणि तो फसफसला. चुनखडी भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि भिंतीत भरलेला चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण ‘ही चुनखडी तरी इथली कुठे?’ असे सरांनी म्हटल्यावर भिंतीतले सगळेच पाहुणे ठरले.

वालुकाश्मावरचे उभे चरे मात्र आमच्या माणसांचे. पंचक्रोशीत दुसरा दगड नसल्याने विळे-कोयते लावायला लोक याच भिंतीकडे येत, आणि पाटीवरच्या पेन्सिलींना टोके काढण्यात आमचाही त्यात थोडाफार वाटा आहे.

मधल्या काळात कुणीतरी सदिच्छेने या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. घट्ट सिमेंटमुळे ती मऊ वालुकाश्मात अडते आणि दगडाचेच पापुद्रे सुटू लागतात. मागच्या खेपेस मी त्यावर हात फिरवला तेव्हा तळव्याला वाळू लागली. महोत्सवानिमित्त रंगरंगोटीचा बेत असल्यास भिंतीला रंग न लावता आधी ते सिमेंट जपून काढावे आणि सांधे चुन्यानेच भरावेत, एवढी विनंती आहे.

उत्तरेच्या टोकाला एका दगडाची जागा विटांनी बुजवलेली दिसते. तो दगड आज कोणाच्या दारापुढची पायरी आहे, हे आमच्या वर्गातील निदान तिघांना ठाऊक आहे.