सहा हजारांत मांडवीवरचा कॅसिनो : कोल्हापूर ते पणजी सहलीचा वृत्तांत

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी मी आणि माझे शेजारी, जे एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत, कोल्हापूरहून पणजीला गेलो, मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर साडेपाच तास काढले आणि बुधवारी रात्री घरी परतलो. वर्षातून दोनदा आम्ही ही सहल करतो. दरमहा निवृत्तिवेतनातले एक हजार रुपये मी कपाटातल्या लिफाफ्यात ठेवतो आणि सहा महिन्यांनी सहा हजार जमले की ती रक्कम खेळासाठी मोकळी होते. गाडीभाडे आणि मुक्काम यांचा खर्च वेगळा असतो, परंतु बोटीवर चढल्यापासून उतरेपर्यंतचा एकूण एक रुपया त्या लिफाफ्यातूनच जातो. अनेक फेऱ्यांच्या नोंदी वहीत ठेवल्यानंतर माझी एका गोष्टीबद्दल खात्री झाली आहे. थोड्या पैशांत खेळणाऱ्याचे पैसे टेबलावर जितके जातात त्याहून कितीतरी अधिक ते चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, विकत घेण्याच्या खिडकीवर जातात, आणि म्हणून काटकसर करायची ती तेथेच केली पाहिजे.

प्रथम प्रवासाविषयी. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळी निघून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा या मार्गाने आम्ही दुपारी पणजीला पोहोचलो. ज्येष्ठ नागरिकांची आणि महिलांची निम्म्या भाड्याची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच असते, त्यामुळे गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपासून पुढचे भाडे पूर्ण द्यावे लागते, ही गोष्ट शेजाऱ्यांना नोकरीमुळे पाठ होती. इतरांनी मात्र तिकीट काढताना गोंधळू नये. मुंबईहून येणाऱ्यांनी कोकणकन्या किंवा मांडवी एक्सप्रेसने करमळीला उतरावे, कारण पणजीला जवळचे स्थानक तेच आहे. मुक्कामासाठी आम्ही मळा आणि फोंतेन्हास या जुन्या वस्तीतली एखादी साधी खोली पाहतो. बसस्थानकावरून तेथे चालत जाता येते, तेथून बोटीचा धक्काही चालत गाठता येतो, आणि रात्री परतताना टॅक्सीचे पैसे वाचतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सव असतो आणि ८ डिसेंबरला पणजीच्या टेकडीवरच्या चर्चचे फेस्त असते. या दोन्ही वेळी खोल्यांचे दर इतके चढतात की सगळी काटकसर तेथेच संपते.

गोव्यातील कॅसिनोंचा पाया १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांवर उभा आहे. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना मोकळीक मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या बोटींवर पत्त्यांच्या व रूलेटच्या (आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळाच्या) टेबलांना. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच स्वतःचा कॅसिनो कायदा संमत केला होता, पण तो कधीही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करण्यात आला. त्यामुळे आपल्याकडच्या खेळणाऱ्याला घाट उतरून गोव्यातच यावे लागते. प्रवेशासाठी वय २१ पूर्ण असावे लागते आणि सरकारी ओळखपत्र दाखवावे लागते. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळण्यास बंदी आहे. ज्या गावाची नदी या बोटींनी व्यापली आहे त्या गावातल्या अनेकांचा त्यांना विरोध आहे, हे पाहुण्याने विसरू नये आणि धक्क्यावर, रस्त्यावर आपल्या वागण्याने त्यात भर घालू नये, असे मला मनापासून वाटते.

दयानंद बांदोडकर मार्गावरून चालताना सवलतीच्या पॅकेजची पत्रके घेऊन काही जण जवळ येतात. मागच्या एका फेरीत मी अशा एका माणसाकडून कूपन घेतले आणि ते धक्क्यावर चालले नाही, म्हणून आता मी कॅसिनोच्या स्वतःच्या खिडकीशिवाय कोठेही पैसे देत नाही. प्रवेशाचा दर वारानुसार बदलतो. सोमवार ते गुरुवार तो कमी असतो, शुक्रवारपासून चढतो आणि सणासुदीला आणखी चढतो. मंगळवारी मला कर धरून अडीच हजार पडले आणि त्यात रात्रीचे जेवण, पेये आणि दीड हजारांच्या एकदाच खेळता येणाऱ्या चिप्स होत्या. पुरुषांनी पूर्ण विजार आणि बूट घालावेत, कारण अर्ध्या चड्डीवर किंवा चपलांवर आलेल्यांना परत पाठवले जाऊ शकते. खेळाच्या दालनात छायाचित्रे काढता येत नाहीत.

आता खिडकीवरच्या व्यवहाराविषयी सविस्तर लिहितो, कारण नवख्या माणसाचे नुकसान येथेच होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत घेतलेल्या चिप्सच्या संपूर्ण किमतीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर हरलेल्या किंवा जिंकलेल्या रकमेवर नसून खरेदीच्या रकमेवर आहे. माझ्या लिफाफ्यात प्रवेशानंतर साडेतीन हजार उरले होते. ते दिले तेव्हा हातात अडीच हजारांच्या चिप्स आल्या आणि एक हजार रुपये, म्हणजे त्या अडीच हजारांवरचे ४० टक्के, करात गेले. न खेळता चिप्स परत केल्या तरी त्यांवरच्या कराची आकारणी मागे घेतली जात नाही. मात्र जिंकलेल्या चिप्सवर पुन्हा खेळताना नव्याने कर लागत नाही. यातून माझे तीन नियम तयार झाले. चिप्स एकदाच आणि ठरवलेल्या रकमेच्याच घ्याव्यात. मधेच त्या रोख करून पुन्हा घेऊ नयेत, खिशातच ठेवून जेवायला जावे. आणि खिडकीवर उभे राहताच, आपण दिलेल्या रकमेत नेमक्या किती चिप्स मिळणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे. शेजारी पावती पाहून म्हणाले, “तिकीट फाडल्याशिवाय गाडी सुटत नाही, तसंच आहे हे. मग एकदाच फाडावं.”

एकदाच खेळता येणाऱ्या चिप्स कशा वापराव्यात याचा विचार फार थोडे लोक करतात. अशी चिप जिंकल्यावरही परत मिळत नाही, केवळ जिंकलेली रक्कम नेहमीच्या चिप्समध्ये मिळते, असा नियम असेल तर ती लाल-काळ्यावर लावणे सर्वांत महाग पडते. एकाच शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरे असतात. लाल रंगावर लावलेल्या शंभराच्या अशा चिपची सरासरी किंमत ४८ रुपये ६५ पैसे होते, बारा आकड्यांच्या गटावर ती ६४ रुपये ८६ पैसे होते, सहा आकड्यांच्या गटावर ८१ रुपये ८ पैसे आणि एकाच आकड्यावर ९४ रुपये ५९ पैसे. एकाच आकड्यावर लावल्यास बहुतेक वेळा काहीच हाती येत नाही, म्हणून मी सहा आकड्यांचा मधला मार्ग पत्करतो. त्या दिवशी शंभराच्या पंधरा चिप्सपैकी तीन लागल्या, प्रत्येकीचे पाचपट मिळाले आणि माझ्या अडीच हजारांत दीड हजारांची भर पडली. काही ठिकाणी या चिप्स ठरावीक डावांवरच लावता येतात आणि काही ठिकाणी हरेपर्यंत परत मिळत राहतात, त्यामुळे बसण्यापूर्वी डीलरला, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारणे आवश्यक आहे.

त्यानंतरचे चार तास मी बहुतांशी अंदर-बाहरच्या टेबलावर बसलो. डीलर आधी एक पान उघडतो आणि मग दोन बाजूंना आळीपाळीने पाने टाकत जातो. उघडलेल्या पानाच्या जोडीचे पान ज्या बाजूला पडते ती बाजू जिंकते. पहिले पान ज्या बाजूला पडते ती बाजू शंभरात साडेएक्कावन्न वेळा जिंकते. म्हणून जेथे पहिल्या बाजूला दहाला नऊ आणि दुसऱ्या बाजूला दहाला दहा असे दाम मिळते तेथे पहिल्या बाजूवर लावणाऱ्याचे सरासरी शंभरामागे २ रुपये १५ पैसे जातात आणि दुसऱ्या बाजूवर लावणाऱ्याचे ३ रुपये. पुरे दाम मिळते म्हणून दुसरी बाजू फायद्याची दिसते, पण हिशेब उलटा आहे. शंभराचा डाव आणि तासाला चाळीस फेऱ्या धरल्या तर तासाला सरासरी ८६ रुपये खर्च येतो, म्हणजे चार तासांत साडेतीनशेच्या आसपास. खिडकीवर गेलेल्या एक हजाराशी याची तुलना करून पाहावी.

रूलेट खेळायचेच असेल तर चाकावर शून्ये किती आहेत ते आधी मोजावे. एका शून्याच्या चाकावर कॅसिनोचा वाटा २.७० टक्के असतो आणि दोन शून्यांच्या चाकावर ५.२६ टक्के, म्हणजे तेवढाच वेळ तितक्याच पैशांनी खेळण्याची किंमत जवळजवळ दुप्पट होते. बॅकाराट या पत्त्यांच्या खेळात दोन बाजूंपैकी ‘बँकर’ या बाजूवर लावल्यास सुमारे एक टक्का आणि दोन्ही बाजू बरोबरीत सुटतील यावर लावल्यास १४ टक्क्यांहून अधिक जाते. तो बरोबरीचा चौकोन मी नसल्यासारखाच समजतो. ब्लॅकजॅक हा पानांची बेरीज एकवीसच्या जवळ नेण्याचा खेळ योग्य तऱ्हेने खेळल्यास, आणि पहिल्या दोन पानांतच एकवीस झाल्यास दोनास तीन असे दाम मिळत असल्यास, कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. घरी संध्याकाळी पत्नी पाने वाटते आणि मी कोणत्या पानावर थांबायचे, कोणत्यावर मागायचे याचा सराव करतो. तरीही या फेरीत मी तो खेळलो नाही, कारण टेबलाचा किमान डाव पाचशेचा होता आणि माझ्याजवळच्या चिप्समध्ये असे आठच डाव बसले असते. हातातल्या रकमेत किमान डाव निदान वीस वेळा तरी बसावा, नाहीतर सर्वांत स्वस्त खेळसुद्धा पंधरा मिनिटांत संपू शकतो.

याच कारणासाठी आम्ही दुपारी साडेतीनला चढतो. त्या वेळी टेबले रिकामी असतात आणि शंभराचे डाव स्वीकारले जातात. सायंकाळी सातनंतर गर्दी वाढली की त्याच टेबलावरची किमान रकमेची पाटी बदललेली मी पाहिली आहे. दर तासाने मी उठून वरच्या डेकवर जातो. तेथून पलीकडची बेती, पुलांवरचे दिवे आणि ये-जा करणाऱ्या फेरीबोटी दिसतात, आणि त्या पंधरा मिनिटांत दहा फेऱ्या वाचतात. खेळताना मद्य घ्यायचे नाही हा माझा नियम आहे. पॅकेजमध्ये पेये मिळत असली तरी त्यांमुळे चुकलेला एक डाव पेल्याच्या किमतीहून महाग पडतो. एटीएम कार्ड खोलीवर ठेवावे आणि फोनमधून पैसे पाठवण्याची मर्यादा घरून निघतानाच शून्याजवळ आणून ठेवावी. शेजाऱ्यांच्या चिप्स त्या दिवशी दीड तासात संपल्या, कारण ते दोन शून्यांच्या चाकावर तीनशेचे डाव लावत होते. परंतु त्यांनी पुन्हा खिडकीकडे पाऊल टाकले नाही, नदीकडे पाहत बसले आणि नऊ वाजता माझ्याबरोबर शांतपणे जेवून उतरले. त्यांचे हे वागणे मला माझ्या हिशेबाहून मोलाचे वाटते. ज्यांना असे थांबणे जमत नाही, किंवा घरच्यांपासून रक्कम लपवावी लागते, त्यांनी ही सहल करू नये आणि १४४१६ या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या सरकारी क्रमांकावर मोकळेपणाने बोलावे.

उतरताना माझ्याजवळ तीन हजार तीनशेच्या चिप्स होत्या, म्हणजे टेबलावर चार तासांत सातशे गेले. सरासरीच्या दुप्पट नुकसान हे अशा खेळात नेहमीचे आहे. संपूर्ण संध्याकाळ, जेवण आणि कर धरून लिफाफ्यातले दोन हजार सातशे खर्च झाले. जिंकून परतणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की अशा प्राप्तीवर ३० टक्के दराने प्राप्तिकर आणि त्यावर उपकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. म्हणून मोठी रक्कम हाती आल्यास कागद जपून ठेवावेत.

बुधवारी सकाळी आम्ही पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी असा न्याहारीचा बेत केला, महालक्ष्मीचे दर्शन घेतले आणि फेरीबोटीने बेतीला जाऊन परत आलो. पायी जाणाऱ्याला या फेरीबोटीचे तिकीट लागत नाही, आणि तिच्या कठड्याशी उभे राहिले की आदल्या रात्रीच्या बोटी दिवसाउजेडी अगदी जवळून दिसतात. अकराच्या सुमारास बसस्थानकावर आलो. परतीचे आरक्षण आदल्या दिवशीच करून ठेवावे, कारण आंबोलीच्या घाटात उभे राहून प्रवास करणे आमच्या वयात कठीण जाते. घरी पोहोचल्यावर वहीत नोंद केली आणि उरलेले तीन हजार तीनशे जुलैच्या लिफाफ्यात ठेवले.