उरुसातली संगीत सभा आणि आमचे अप्पा

मिरजेचा उरूस म्हटला की गावाला पाळणे, खाजा आणि गर्दी आठवते. पहिल्या दिवशी चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढतो, तो बघायला आसपासच्या खेड्यांतून माणसं येतात. आमच्या घरात मात्र उरूस म्हणजे दर्ग्यातली संगीत सभा. त्याला कारण आमचे अप्पा, म्हणजे माझ्या आईचे वडील.

उरुसाची तारीख चंद्रावर चालते, त्यामुळे दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं की अप्पा आधी उरूस शोधायचे आणि मग रेल्वेच्या साहेबाकडे रजेचा अर्ज. ते मालधक्क्यावर क्लार्क होते. दिवाळीला एक वेळ ड्यूटी करतील, सभेच्या दिवसांत नाही. आजी म्हणायची, "लेकीच्या बाळंतपणाला रजा मिळाली नव्हती यांना. गाण्याला बरी मिळते!"

ही सभा किराणा घराण्याचे थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होते. ते मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. गायिका हिराबाई बडोदेकर त्यांच्या कन्या, हिराबाईंचा जन्मही इथलाच. 1937 साली खाँसाहेब दक्षिणेत दौऱ्यावर होते. पाँडिचेरीकडे जाताना गाडीत अस्वस्थ वाटलं म्हणून वाटेतल्या सिंगापेरुमाळकोईल स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. शेवटच्या घटकेला तंबोरा जुळवून घेऊन त्यांनी दरबारीत प्रार्थना म्हटली, असं सांगतात. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. अप्पा ही गोष्ट रेल्वेवाल्याच्या अंगाने सांगायचे. छोटं स्टेशन, एखादा दिवा, बाकावर खाँसाहेब. स्टेशनमास्तरला काय वाटलं असेल, हा त्यांचा कायमचा प्रश्न होता.

तर अशा माणसापुढे हजेरी लावायला गवई येत. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांच्यासारखी किराणा घराण्याची थोर मंडळी इथे गायली आहेत. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. जाजमावर मांडी घालून बसायचं. शेजारी हमाल असेल नाहीतर हॉस्पिटलातला मोठा डॉक्टर. मिरजेत दोघेही भरपूर.

अप्पा स्वतः गायचे नाहीत. गाण्याच्या परीक्षांत प्रवेशिका पूर्णपर्यंत मजल मारली होती, पण आवाज फाटका. घरात चुकून तान घेतली तर आजी स्वयंपाकघरातून भांडं आपटायची. त्यांचं काम तंबोरे लावायचं. मंडळाने त्यांना ते कधी रीतसर दिलं होतं की नाही कोण जाणे, पण पेटीतून तंबोरे काढायची वेळ झाली की सगळे विचारायचे, "अप्पा आले का?"

त्यांच्या खिशात तपकिरीची रिकामी डबी असे. आत खडूचा तुकडा, सुती दोऱ्याची गुंडी, दोन-चार जास्तीचे मणी. खुंटी सैल पडून फिरायला लागली की ती काढून तिला खडू घासायचा आणि पुन्हा दाबून बसवायची. मग पंचमाची तार, मग जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, दोन तारा, मग खर्जाची पितळी तार. खुंटीवर काम होत आलं की भोपळ्याजवळचे मणी केसभर वरखाली. सगळ्यात शेवटी दोरा. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा सरकवत राहायचं, आणि एका नेमक्या जागी तार नुसती वाजायची थांबून गुंजायला लागते. जवारी खुलली. तिथे अप्पांचे डोळे आपोआप मिटत. मांडवातल्या दिव्यांच्या उष्णतेने तारा परत हलायच्या, की पुन्हा पहिल्यापासून. आई डबा घेऊन यायची. "अप्पा, जेवून घ्या की आधी."

"थांब गं, पंचम अजून उतरतोय."

मला त्यांनी मर्दानी आणि जनानी तंबोरा ओळखायला तिथेच शिकवलं. बायकांच्या सुराचा तंबोरा अंगाने लहान. काळी एकच्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या, तंबोऱ्याला ओढूनताणून वरच्या काळी पाचला नेणारा त्यांच्या लेखी गुन्हेगार होता. खाँसाहेब वाद्यं दुरुस्त करण्यातही निष्णात होते, हे तर ते येईल त्याला ऐकवत. किराण्याच्या गायकीचा सगळा जीव सुरात, आणि मूळ पुरुषाच्या दारात तंबोरा बेसूर लागला तर काय तोंड दाखवायचं, असा त्यांचा हिशेब.

कधी साथीला माणूस कमी पडला की दुसऱ्या तंबोऱ्यावर अप्पाच बसत. तासन्‌तास तीच दोन बोटांची हालचाल, पाठ ताठ. पहाटे घरी आल्यावर गुडघे चोळत म्हणायचे, "आज मारवा काय लागला होता!" मारवा संध्याकाळी होऊन गेलेला असायचा; मधली रात्रभराची गाणी जणू झालीच नव्हती.

नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव होतो. तिथेही जायचे, पण पाहुण्यासारखे. पुढच्या रांगेत बसून पान खायचे.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हा वाटलं होतं, अप्पा संतापतील. उलट खूश झाले. "पोरं रियाजाला सुरात तरी राहतील. प्रत्येकाला तंबोरा कुठून परवडणार?" सतारमेकर गल्लीत त्यांची बैठक असायची, त्यामुळे त्यांना किंमत ठाऊक होती. पंढरपूरच्या बाजूचे ते मोठे कडू भोपळे, वाळायला लागणारे महिने, तुणीचं लाकूड. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांतल्या फरीदसाहेबांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा धंदा मिरजेत उभा केला. सभेच्या मंचावर मात्र अप्पांनी ते इलेक्ट्रॉनिक यंत्र चालू दिलं नाही. कोणी आणलंच तर हसतमुखाने त्याची वायर काढून ठेवायचे.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर अप्पा राहिले नव्हते. असते तर पेपरचं कात्रण घेऊन गल्लीभर हिंडले असते आणि लगेच विचारलं असतं, "कारागिराच्या हातात किती पडणार?" हा प्रश्न अजूनही तसाच आहे, गल्लीतली बरीच तरुण पोरं आता दुसऱ्या कामाला जातात.

तपकिरीची डबी मामीकडे गेली. मामाला गाण्याचा गंध नाही, मामी लग्नाआधी विशारद. अप्पांनी सून बघतानाच काय बघितलं असेल ते सांगायला नको! आता सभेला तंबोरे तीच लावते. गेल्या खेपेला एका तरुण गायकाने मोबाईलवरचं ॲप तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "बघा काकू, काटा बरोबर मधे आहे."

"तुझा काटा मधे असेल रे," मामी म्हणाली, "माझा पंचम चढलाय." आणि तिने खुंटी पुन्हा सैल केली.