१९११ की हाय-पॉवर? आधी ट्रिगर बघा

या दोन पिस्तुलांवरचा वाद काडतुसापासून सुरू होतो आणि तिथेच रुतून बसतो. .४५ जबर की ९ मिमी पुरेसं, यावर माणसं शंभराहून अधिक वर्षं भांडत आली आहेत. पण आज १९११ सरळ ९ मिमीतही मिळतं, त्यामुळे निवड करणाऱ्याला त्या भांडणाचा फारसा उपयोग नाही. बोटाने ट्रिगर दाबल्यावर ते बळ सिअरपर्यंत, म्हणजे चढवलेला हॅमर अडवून ठेवणाऱ्या भागापर्यंत, कोणत्या वाटेने जातं, हे आधी समजून घ्यावं. बाकीचे बरेचसे गुणदोष त्याच वाटेवर सापडतात.

१९११ चा ट्रिगर पिनवर फिरत नाही, सरळ मागे सरकतो. त्याला मागच्या बाजूला पातळ पत्र्याची चौकट जोडलेली असते. ती मॅगझिनला दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे जाते आणि डिस्कनेक्टरमार्फत (एका ओढीला एकच गोळी सुटू देणारा भाग) सिअरला ढकलते. मधे याखेरीज दुसरा भाग नाही. साध्या, कारखान्यातून आलेल्या १९११ चा ट्रिगर साधारण ४ ते ६ पौंडांना सुटतो, आणि सुटतो तो एकदम. ही चौकट जमते याचं कारण मॅगझिन एकेरी आहे: .४५ ची सात काडतुसं एकावर एक.

हाय-पॉवरच्या मॅगझिनमध्ये ९ मिमीची १३ काडतुसं दोन ओळींत बसतात. अशा जाड मॅगझिनभोवती चौकट फिरवली असती तर मूठ हातात मावली नसती. म्हणून इथे ट्रिगरला जोडलेली उभी पट्टी वर जाते आणि स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, पोटात बसवलेल्या एका लीव्हरचं पुढचं टोक उचलते. तराजूच्या दांडीसारखं त्याचं मागचं टोक खाली येतं आणि सिअर दाबतं. मूठ सडपातळ राहिली, पण बळाला वर चढून पुन्हा खाली उतरावं लागलं. त्यात भर मॅगझिन सेफ्टीची, म्हणजे मॅगझिन नसताना ट्रिगर चालू न देणाऱ्या अडसराची. ट्रिगरला जोडलेला एक छोटा दांडा मॅगझिनच्या पुढच्या अंगावर टेकलेला असतो आणि ट्रिगर ओढताना तिथे घासतो. शिवाय हॅमरची स्प्रिंग मूळचीच जड: हाय-पॉवरची ३२ पौंडांची, १९११ ची २३ पौंडांची. सगळं मिळून ट्रिगर ७-८ पौंडांवर जातो आणि वाटेत खरखरतो. कुशल कारागीर तो बराच सुधारू शकतो, पण १९११ सारखा करू शकत नाही. ज्या रचनेने मूठ चांगली दिली, तिनेच ट्रिगर बिघडवला.

दोन्ही पिस्तुलांवर शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं नाव लागतं, पण हाय-पॉवर म्हणजे ‘सुधारलेलं १९११’ ही समजूत बरोबर नाही. १९११ चं डिझाइन अमेरिकेच्या कोल्ट कंपनीकडे होतं आणि अमेरिकी सैन्याने ते २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. पुढे ब्राउनिंगने बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी नवं पिस्तूल सुरू केलं, तेव्हा त्याला कोल्टकडचे स्वतःचेच पेटंट टाळून चालावं लागत होतं. १९२६ मध्ये तो एर्स्तालच्या कारखान्यातच वारला. १९२८ मध्ये पेटंटांची मुदत संपली, आणि मग एफएनच्या द्यूदोने सेव्हने १९११ मधल्या सोयी त्यात आणून काम पुरं केलं. ते दुहेरी मॅगझिनही सेव्हचंच. १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आलं.

आता हात. कोणतंही पिस्तूल हातात घेतलं की आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासायचं. क्रम हाच. उलटा केला तर ओढलेली स्लाइड परतताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते, आणि मॅगझिन काढल्यावर ते आतच राहतं. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री झाल्यावर मूठ अशी धरा की नळी आणि मनगट ते कोपर ही रेषा एक होईल. मूठ न फिरवता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर पोचला पाहिजे. १९११ मध्ये हे अंतर बदलता येतं: लांब किंवा आखूड ट्रिगर, मुठीमागे सपाट किंवा फुगीर हाउसिंग, जाड-पातळ ग्रिप. १९२० च्या दशकात १९११ए१ आलं, त्यात ट्रिगर आखूड केला आणि ट्रिगरमागे फ्रेमला बोटासाठी खाच दिली, ती याच तक्रारीवरून. हाय-पॉवरमध्ये असे पर्याय जवळपास नाहीत, पण ते बहुतेक हातांत आहे तसंच बसतं. लहान हाताच्या माणसाने आधी हाय-पॉवर धरून पाहावं.

तळव्याबाबत दोघांच्या खोडी वेगळ्या. १९११ च्या मुठीमागे ग्रिप सेफ्टी असते. अंगठा वर, थंब सेफ्टीवर ठेवून पकडायची सवय असेल तर तळव्याचा मधला भाग उचलला जातो, ग्रिप सेफ्टी पुरती दाबली जात नाही आणि ट्रिगर मेल्यासारखा लागतो. खाली उंचवटा असलेली ग्रिप सेफ्टी बसवली की हे थांबतं. हाय-पॉवरला ग्रिप सेफ्टी नाही, पण त्याचा हॅमर मागे येताना अंगठा आणि तर्जनीमधली कातडी चिमटतो. सगळ्यांना नाही, मांसल हाताला, उंच पकड असेल तर हमखास. पन्नास गोळ्यांनंतर रक्त दिसलं तर पकड बदलून बघू नका, कारण खाली सरकलेली पकड नेम बिघडवते. हॅमरचा स्पर, म्हणजे अंगठ्यासाठीचं टोक, घडवून घ्या, नाहीतर पिस्तूल बदला.

थंब सेफ्टीच्या बाबतीत जुनं हाय-पॉवर मार खातं. तिचा खटका इतका छोटा की घामेजल्या अंगठ्याखाली सापडत नाही. १९८० च्या दशकातल्या एमके टू या आवृत्तीपासून तो मोठा आणि दोन्ही बाजूंना आला, म्हणून डावखुऱ्याने त्याआधीचं हाय-पॉवर शोधत बसू नये. मूळ १९११ चा खटका फक्त डावीकडे असतो, मात्र दोन्ही बाजूंचा सहज बसवता येतो.

दोन्ही सिंगल-ॲक्शन आहेत, म्हणजे ट्रिगर फक्त हॅमर सोडतो, चढवत नाही. भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने हॅमर हळूच खाली सोडायची काहींना सवय असते. दोन्ही पिस्तुलांत यापेक्षा धोक्याचं काम नाही. अंगठा निसटला की गोळी सुटलीच. सेफ्टी लावा किंवा चेंबर रिकामं करा. जुनी मॉडेलं नळीवर आपटली तर फायरिंग पिन स्वतःच्या वजनाने पुढे येऊ शकते; तिला अडवणारा भाग कोल्टने सिरीज ८० मध्ये आणि एफएनने एमके थ्री मध्ये घातला. सिरीज ८० मध्ये त्यासाठी ट्रिगरला दोन जादा लीव्हर ढकलावे लागतात आणि जाणकारांची बोटं ती कुरकुर ओळखतात. माझ्या मते ती सोसावी.

उघडून साफ करणं हाय-पॉवरमध्ये फार सोपं. स्लाइड मागे ओढून सेफ्टी तिच्या पुढच्या खाचेत वर अडकवायची, स्लाइड स्टॉप उजवीकडून दाबून डावीकडे काढायचा, मग स्लाइड धरून सेफ्टी सोडायची आणि स्लाइड पुढे काढून घ्यायची. रिकॉइल स्प्रिंग आणि तिचा गाइड उचलला की नळी खाली निघते. अवजार लागत नाही. जोडताना गाइडचं छिद्र फ्रेमच्या छिद्रासमोर नीट आणा, नाहीतर स्लाइड स्टॉप आत जात नाही आणि माणूस हातोडी शोधायला लागतो.

१९११ ला जरा सबुरी लागते. नळीच्या तोंडाशी असलेलं प्लग आत दाबून बुशिंग (नळीच्या तोंडाभोवतीचं कडं) फिरवायचं. इथे अंगठा प्लगवरून हलवायचा नाही, कारण त्यामागे १६ पौंडांची स्प्रिंग दाबून बसलेली असते आणि प्लग थेट डोळ्याकडे येतं. मग स्लाइड मागे नेऊन तिची छोटी खाच स्लाइड स्टॉपशी जुळवायची आणि स्टॉप काढायचा. परत बसवताना नळीखालचा दुवा उभा राहिला पाहिजे आणि पिन त्याच्या छिद्रातूनच गेली पाहिजे. स्टॉप शेवटी छोट्या स्प्रिंगदार दट्ट्याला दाबून आत सरकतो. तिथे तो खालून वर घासत नेला की फ्रेमवर अर्धचंद्राकृती ओरखडा उमटतो. वापरलेल्या निम्म्या १९११ वर तो दिसतो. कामात त्याने काही बिघडत नाही, फक्त मालकाची घाई कळते. हाय-पॉवरमध्ये दुवा आणि सुटं बुशिंग दोन्ही नाहीत. नळीखालच्या पक्क्या कॅमनेच ती खाली उतरते. झिजायला आणि चुकायला तेवढे भाग कमी.

काडतूस अडकण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण १९११ ची बदनामी तिथेच झाली आणि दोष बहुतेकदा दुसऱ्याचा असतो. काडतुसाचं नाक वर येऊन चेंबरच्या वरच्या कडेला टेकलं, किंवा खाली बुडून फ्रेमच्या उतारावर थांबलं, की लोक उतार घासायला घेतात. थांबा. आधी मॅगझिनांना आकडे घाला: १, २, ३. अडकणं एकाच आकड्याला होत असेल तर त्याचे ओठ फाकले आहेत किंवा स्प्रिंग दमली आहे. ते मॅगझिन बाजूला काढा. सगळ्याच आकड्यांना होत असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणारा भाग, बघा. १९११ चा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्प्रिंग स्टीलचा एक लांब दांडा, त्याचा ताण त्याच्या वाकण्यातच असतो. स्लाइड सुटी करून डमी काडतुसाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या टोकाच्या आकड्याखाली सरकवा: ते लोंबकळलं पाहिजे आणि हलका झटका दिला की पडलं पाहिजे. लगेच पडलं तर ताण कमी, पुंगळ्या अडकणार. झटक्यानेही हललं नाही तर ताण जास्त, काडतूस वर चढणार नाही. उताराची पाळी यानंतर. फ्रेमचा उतार आणि नळीची कड यांच्यात सुमारे ०.८ मिमीची फट असावी लागते. कानस चालवून ती बुजवली तर काडतूस तिथे ठेचकाळायला लागतं, आणि फ्रेमवरून काढलेला धातू परत येत नाही.

एक सवय मात्र १९११ चा एक्स्ट्रॅक्टर नक्की मोडते: काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडणं. तो आकडा कडेवरून उडी मारायला बनवलेला नाही. काडतूस मॅगझिनमधून खालून सरकत त्याच्याखाली यायला हवं. हाय-पॉवरचा एक्स्ट्रॅक्टरही आधी आतलाच होता. १९६० च्या दशकात तो बाहेर, स्वतंत्र स्प्रिंगवर आला. जुनं मॉडेल असेल तर तोच नियम.

हाय-पॉवरचं दुखणं वेगळं. जुन्या नळीच्या उताराला मधे एक उंचवटा असतो. गोल नाकाची सैनिकी गोळी त्यावरून बिनबोभाट जाते, पोकळ नाकाची अडखळते. एमके टू पासून उतार सरळ झाला. दुसरं म्हणजे मॅगझिन बटण दाबल्यावर आपोआप पडत नाही, कारण सेफ्टीचा तो दांडा त्याला धरून ठेवतो. काही मॅगझिनांच्या तळाशी त्यांना बाहेर ढकलणारी छोटी स्प्रिंग दिलेली असते. ती काम करते, दिसायला गावठी आहे. पुष्कळ जण मॅगझिन सेफ्टीच काढून टाकतात. ट्रिगर हलका होतो, मॅगझिनही पडतं, पण निर्मात्याने घातलेली सेफ्टी कमी झाली हे पुढच्या मालकाला कोणी सांगत नाही. आणि जुन्या हाय-पॉवरला जादा दाबाची ९ मिमी काडतुसं घालू नका. लॉकिंग लग, म्हणजे नळी आणि स्लाइड जखडणारे दात, ठेचले जातात.

वापरलेलं घेताना पिस्तूल रिकामं करून या चाचण्या करा. हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोराने ओढून सोडा, सेफ्टी काढा. हॅमर पडता कामा नये. पडला नाही तरी पिस्तूल कानाशी आणून हॅमर अंगठ्याने किंचित मागे ओढा. बारीक ‘टिक्’ ऐकू आली तर सेफ्टी लावलेली असतानाही सिअर थोडं सरकलं होतं. सेफ्टी नीट बसवून घ्यावी लागेल. मग स्लाइड पाच-सहा मिमी मागे धरून ट्रिगर ओढा. हॅमर पडला तर डिस्कनेक्टर खराब आहे, सौदा तिथेच सोडा. स्लाइड पुढे असताना नळीच्या मागच्या कडेवर अंगठ्याने दाबा. ती खाली दबली तर कुलूप सैल आहे. हाय-पॉवरवर या चाचण्या रिकामं मॅगझिन लावून करायच्या. मॅगझिनशिवाय हॅमर पडणारच नाही, आणि नवखा माणूस पिस्तूल बिघडलं म्हणून परत देतो. उलट मॅगझिनशिवायही हॅमर पडला, तर ती सेफ्टी आधीच कोणीतरी काढलेली आहे.

स्प्रिंगांचा हिशेब सोपा. .४५ च्या पाच इंची १९११ ला १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग, हाय-पॉवरला १७ ची. दोन-तीन हजार गोळ्यांनी बदला. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडायला लागल्या तर त्याआधीच. ९ मिमीचं १९११ घेतलंत तर मात्र १६ ची स्प्रिंग जड पडते आणि स्लाइड पुरती मागे जात नाही. हलकी स्प्रिंग आणि ९ मिमीसाठीच बनवलेली मॅगझिनं त्याच्यासोबतच घ्या.

कागदी निशाण्यावर बारीक गट पाडायचे असतील आणि ताण, ओठ, दुवा यांत लक्ष घालायची आवड असेल तर १९११. रिकामं सुमारे १.१ किलो वजन असल्याने .४५ चा धक्काही ते ढकलल्यासारखा देतं, झटक्यासारखा नाही. साफ करून ठेवून द्यायचं, महिन्याने काढायचं, हात लहान आहे, असं असेल तर सुमारे ९०० ग्रॅमचं हाय-पॉवर, शक्यतो एमके थ्री. एफएनने जुनी मालिका २०१८ च्या सुमारास थांबवली. २०२१ पासून आलेल्या, हाय-पॉवरच्याच धर्तीवरच्या, स्प्रिंगफील्ड कंपनीच्या एसए-३५ मध्ये मॅगझिन सेफ्टी नाही आणि हॅमरही चिमटा न काढणारा आहे, तेव्हा ट्रिगरची तुलना करताना दुकानात कोणतं मॉडेल हातात आलंय ते आधी विचारा.